बिरझैतचं पॅलेस्टिनियन म्युझियम: वेळ काढून जाच

वेस्ट बँकमधल्या रामल्ला शहराच्या उत्तरेला बिरझैतला हे म्युझियम आहे, २०१६ मध्ये उघडलं, इमारतीला २०१९ चा आगा खान पुरस्कारही मिळालाय. बांधकाम मस्तच, पण खरा जीव बागेत आहे, डोंगरउतारावर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते, ऑलिव्हची झाडं, झातर नावाची सुगंधी वनस्पती, सगळं तिथलंच.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती भरतकामापाशी, ततरीझ म्हणतात त्याला. अगदी जवळून बघा, बारीक बारीक फुलीचे टाके, लाल दोऱ्यात, आणि पूर्वी म्हणे झग्यावरची नक्षी बघून बाई कुठल्या गावची ते कळायचं. पहिल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावात, पॅलेस्टिनी झेंडा लावायला बंदी होती तेव्हा बायकांनी झेंड्याचे रंग आणि नकाशा झग्यावरच भरला, हे वाचून गळा दाटून आला हो.

पण गाझातल्या माणसाने इथे यायचं कसं? वेस्ट बँकमध्ये २००२ पासून इस्रायलची भिंत उभी राहिली, चेकपॉइंट तर जागोजागी, एकाच घरातली माणसं एकमेकांकडे जाऊ शकत नाहीत. म्हणून यांचं डिजिटल अर्काइव्ह मला म्युझियमइतकंच मोलाचं वाटतं, लोकांच्या घरातले जुने फोटो, पत्रं, कागद स्कॅन करून ठेवलेत, जगात कुठेही बसून बघता येतात. अरबी येत नसेल तरी इंग्रजीत चालतं.

येताना आमची टॅक्सी चेकपॉइंटवर खूप रखडली, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघा.