ट्यूनच्या मुखड्यांची यादी करायला एबीसी नोटेशन आणि ईझीएबीसी: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आयरिश सेशनला, म्हणजे एकत्र बसून आयरिश लोकधुना (ट्यून) वाजवायच्या बैठकीला, वाजवणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण तीच असते, ट्यून बोटात पक्की बसलेली असते पण पहिला स्वर काही केल्या आठवत नाही. तेवढी सुरुवात मिळाली की पुढचं आपोआप येतं, आणि नाही मिळाली तर नाव माहीत असूनही गप्प बसावं लागतं. म्हणून नुसत्या नावांची यादी मला कधीच पुरली नाही, यादीत मुखडा, म्हणजे ट्यूनचे पहिले काही स्वर, पाहिजेच. असे मुखडे लिहून ठेवायला एबीसी नोटेशन आणि त्याच्या जोडीला ईझीएबीसी नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे मला सगळ्यात चांगलं वाटलं.

एबीसी म्हणजे काय तर स्वरांची पाश्चात्य अक्षरं साध्या टेक्स्टमध्ये टाइप करायची. कॅपिटल अक्षर म्हणजे खालचं सप्तक, स्मॉल म्हणजे वरचं, अक्षरापुढे २ लिहिलं की स्वर दुप्पट लांब, उभी रेघ आली की बार, म्हणजे तालाचा एक गट, संपला. ज्यांनी भातखंडे पद्धतीने बंदिशी वहीत उतरवून घेतल्यात त्यांच्या हे फार पटकन लक्षात येईल, कारण स्वर अक्षरात वाचायची सवय आधीच असते. ख्रिस वॉलशॉ यांनी १९८० च्या दशकात लोकसंगीताच्या ट्यूनचे तुकडे असे अक्षरांत लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) शिकायचं होतं अजून, आणि १९९३ पर्यंत त्यातून त्यांचा प्रोग्रॅम तयार झाला. म्हणजे तुकडे टिपून ठेवणं हेच याचं सुरुवातीचं काम होतं, आपल्याला यादीसाठी हवंय तेच!

मुखडा का लागतो त्याचं एक उदाहरण देते. कूलीज आणि ड्राउझी मॅगी या दोन ट्यून घ्या, दोन्ही रील (वेगवान नाचाचा एक प्रकार), दोन्ही ई डोरियन (ई ला सा धरून काफी थाटाचे स्वर), दोन्ही ई वरून उचलतात आणि लगेच बी वर जातात. नुसती नावं वाचून डोक्यात दोन्हींची सरमिसळ होते. पण कागदावर एकीपुढे "ई बी बी ए" आणि दुसरीपुढे "ई ई बी ई, डी ई बी ई" दिसलं की प्रश्नच उरत नाही, एक नजर टाकली की हात सुरू.

आता ईझीएबीसीबद्दल. हे कॉम्प्युटरवर चालतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर, आणि ओपन सोर्स आहे. तुम्ही टाइप करत जाता तसं स्टाफ नोटेशन समोर उमटत जातं, वाजवून ऐकता येतं, ऐकताना वेग कमीजास्त करता येतो, ट्यूनची की म्हणजे पट्टी बदलता येते, पीडीएफ काढता येते. पण मी ज्यासाठी हे सुचवतेय ती सोय टूल्स मेनूत आहे, इन्सिपिट नावाने. आख्ख्या फाइलमधल्या सगळ्या ट्यूनचे सुरुवातीचे बार उचलून हे एकत्र मांडून देतं, किती बार घ्यायचे ते आपण सांगायचं. मी दोन ठेवते. एका बारमध्ये बऱ्याच रील सारख्याच वाटतात आणि चार घेतले तर कागद उगाच भरतो. बी भागाची, म्हणजे ट्यूनच्या दुसऱ्या भागाची, सुरुवात मात्र मी हाताने लिहून ठेवते कारण माझं अडखळणं बऱ्याचदा तिथेच होतं, ए भाग दोनदा झाला आणि मग पुढे काय, आणि यातल्या बऱ्याच ट्यून बत्तीस बारमध्ये फिरून परत वर येतात म्हणजे विचार करायला वेळच नसतो.

यादी अकारविल्हे लावू नका, हे कळकळीने सांगते. एकाच ट्यूनला चार नावं असतात आणि कित्येकींपुढे तर "गन आन्यिम" म्हणजे आयरिश भाषेत बिननावाची एवढंच लिहिलेलं असतं. तालाप्रमाणे लावा: रील, जिग, ९/८ च्या स्लिप जिग, हॉर्नपाइप, २/४ च्या पोल्का. फ्रान्सिस ओनील या शिकागोच्या पोलीसप्रमुखांनी १९०३ मध्ये १८५० ट्यूनचं पुस्तक काढलं त्यातही विभागणी प्रकारानुसारच आहे. सेशनमध्ये कोणी जिग सुरू केली की पुढची पण बहुतेक जिगच लागते, मग रीलच्या पानावर तुमचं काय काम?

तालाच्या आत कीप्रमाणे लावायचं. एबीसीत की लिहायची वेगळी ओळ असते आणि तिथे डोरियन, मिक्सोलिडियन असं स्पष्ट लिहिता येतं, ते आळस न करता लिहाच. आपल्या कानांना हे सोपं जातं, डोरियन म्हणजे काफी थाटाचे स्वर, मिक्सोलिडियन म्हणजे खमाजचे, साधा मेजर म्हणजे बिलावल. नुसतं "ई मायनर" लिहिलं आणि ट्यूनमध्ये सी शार्प लागत असेल तर सोबत गिटार वाजवणारा बिचारा चुकीचा कॉर्ड धरणार.

सेट, म्हणजे न थांबता एकामागून एक वाजवायच्या ट्यून, वेगळ्या पानावर ठेवा, ज्या क्रमाने वाजवता त्याच क्रमाने. पहिली ट्यून सुरू करायला निवांत वेळ असतो, खरी कसोटी दुसरीत उडी मारताना, तिथला मुखडा मोठ्या अक्षरात हवा. भाग किती तेही लिहा, द बटरफ्लाय तीन भागांची आहे, दोन वाजवून पुढच्या ट्यूनला गेलात तर बाकीचे तिसऱ्या भागात असतात.

कमतरता आहेत. हॉर्नपाइपची झुलती लय कागदावर उतरत नाही, ती कानानेच घ्यावी लागते. रोल या स्वरालंकारासाठी चिन्ह आहे पण तो कसा घ्यायचा हे चिन्ह बघून कळत नाही. आणि नेटवर मिळणारी एबीसी जशीच्या तशी यादीत टाकू नका, एकेका ट्यूनची इतकी रूपं असतात की तुमच्या सोबतचे लोक जे वाजवतात त्याच्याशी मुखडाच जुळत नाही, ऐकून दोन स्वर बदलायचे आणि मग सेव्ह करायचं. नवशिक्यांनी पहिल्याच दिवशी शेकडो ट्यून भरायच्या फंदात पडू नये, ज्या न बघता वाजवता येतात तेवढ्याच घाला, बाकीच्या "शिकायच्या" म्हणून वेगळ्या फाइलमध्ये.

फोनसाठी वेगळं ॲप पण लागत नाही, फाइल साधी टेक्स्ट असते त्यामुळे कुठल्याही नोट्समध्ये उघडते, नेट नसलं तरी चालते आणि शोधताही येते. तरी मी छापलेला कागद वाद्याच्या केसमध्ये ठेवते. वाजवताना स्क्रीनकडे बघत बसलं की शेजारच्याचं ऐकणं थांबतं आणि सेशनला गेल्यावर ते ऐकणंच महत्त्वाचं, कागदावर दोन सेटच्या मधे नजर टाकायची आणि परत आत सारायचा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो वरच्या कमतरतांसाठी.