इग्नूची बी. कॉम. : पगारातून फी भरणाऱ्याच्या दृष्टीने

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजेच इग्नूच्या, बी. कॉम. अभ्यासक्रमाला मी नोकरी सांभाळून प्रवेश घेतला असून हे परीक्षण मुख्यतः एकाच अंगाने लिहीत आहे : घरभाडे, मुलांच्या शाळेची फी आणि पतसंस्थेचा हप्ता वजा जाऊन हातात जे उरते, त्यात ही पदवी बसते का? माझ्या मते बसते. फी कमी आहे हे त्याचे एक कारण झाले, पण ती वर्षावर्षाने भरावी लागते हे मला त्याहून मोठे कारण वाटते.

तीन वर्षांची ही पदवी पूर्ण करण्यासाठी इग्नू जास्तीत जास्त सहा वर्षे देते. दर वर्षी पुनर्नोंदणी करायची आणि त्या वर्षाचे काही हजार रुपये भरायचे, अशी पद्धत आहे. घरात आजारपण निघाले किंवा नोकरी बदलली, तर पुढच्या वर्षाची नोंदणी लांबवता येते आणि आधी उत्तीर्ण झालेले विषय त्या मुदतीत तसेच कायम राहतात. बोनसच्या किंवा वेतनवाढीच्या भरवशावर वर्षाचे गणित मांडणाऱ्या माणसाला ही मोकळीक फार मोलाची आहे. छापील पुस्तकांऐवजी डिजिटल पाठ्यसाहित्य स्वीकारणाऱ्यांना अभ्यासक्रमाच्या शुल्कात पंधरा टक्के सूट मिळते, परंतु दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याने रात्री पुन्हा पडद्यावरच वाचावे लागेल याचा विचार करूनच ती घ्यावी.

अर्थात, प्रवेशाच्या वेळी भरलेली रक्कम म्हणजे सगळा खर्च नव्हे. परीक्षेचे शुल्क प्रत्येक विषयामागे वेगळे असते, एखादा विषय राहिला तर ते पुन्हा भरावे लागते आणि मुदत टळली की विलंब शुल्कही लागते. इग्नूच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास, म्हणून सहा श्रेयांकांच्या एका विषयाला एकशे ऐंशी तास द्यायचे. ज्याला ओव्हरटाइमचे पैसे मिळतात, त्याने हे तासही खर्चाच्या बाजूला मांडावेत. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि त्या काळात घेतलेली बिनपगारी रजा फीपेक्षा महाग पडू शकते.

इग्नूचा विचार करण्यापूर्वी मी एका खासगी ऑनलाइन पदवीची चौकशी केली होती. समुपदेशक म्हणवणाऱ्या गृहस्थांनी ‘बिनव्याजी हप्ता’ हे शब्द इतक्यांदा उच्चारले की हे कर्ज आहे याकडे लक्षच जाऊ नये. करारनामा मागवून वाचल्यावर त्यात एका वित्तसंस्थेचे नाव होते, प्रक्रिया शुल्क होते, बँक खात्यातून परस्पर हप्ता कापून घेण्याची संमती होती, आणि शिक्षण मध्येच सोडले तरी हप्ते चालू राहतील असे कलमही होते. मी सही केली नाही. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने 2013 साली बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. शिक्षण कंपन्यांच्या अशा स्वयंचलित वजावटींबाबत केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर 2021 मध्ये नागरिकांना सावध केले होते.

आयकराच्या बाबतीत मात्र कर्ज न काढणाऱ्यावर अन्याय होतो असे माझे ठाम मत आहे. 1961 च्या कायद्यातील 80ई कलमाने बँकेच्या शैक्षणिक कर्जावरील व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत दिली, तीही स्वतःच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाला. 80सी कलमाने शिकवणी शुल्काची वजावट दिली ती केवळ दोन मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणापुरती. या दोन्ही सवलती जुन्या करप्रणालीतल्या आहेत, आणि स्वतःची फी स्वतःच्या पगारातून भरणारा त्यांपैकी कशातच बसत नाही. तरीही केवळ वजावटीसाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नाही, कारण करात वाचते ते दिलेल्या व्याजाचा एक हिस्साच असतो. आणि कार्यालयातील पगारदारांच्या पतसंस्थेकडून घेतलेल्या उचलीला तर ही सवलत लागूच होत नाही.

पदवीच्या मान्यतेबद्दल शंका घेणारे वरिष्ठ अजूनही भेटतात. मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर केलेले आहे. ती सूचना छापून जवळ ठेवावी, आणि कंपनी शिक्षणाचा खर्च परत देत असेल तर त्यासाठीची लेखी मंजुरी प्रवेशापूर्वीच घ्यावी. नंतर मागितल्यास नियमावर बोट ठेवले जाण्याची शक्यता अधिक.

इग्नूची खरी अडचण भाषेची आहे. पाठ्यसाहित्य मुख्यतः हिंदी आणि इंग्रजीत असल्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि अभ्यासाची सवय सुटलेल्या माणसाला पहिले सत्र जड जाते. खतावणी आणि ताळेबंद रोज हाताळणाऱ्यालाही त्यांची व्याख्या इंग्रजीत लिहिताना अडखळायला होते. ज्यांना मराठीतूनच पदवी हवी आहे, त्यांनी 1989 साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका आधी वाचावी, दोन्हीकडची पहिल्या वर्षाची एकूण रक्कम परीक्षा शुल्कासह कागदावर मांडावी, आणि मगच अर्ज भरावा.