सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची जेनेरिक गोळी: चांगलीच, पण पट्टी नीट बघून घ्या

हार्ट फेल्युअरच्या औषधांत या गोळीला आम्ही पाचपैकी साडेचार देतो. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या रुग्णांत एनालाप्रिल या जुन्या औषधापेक्षा हिचा फायदा जास्त, हे २०१४च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत स्पष्ट दिसलं. हृदयविकाराने मृत्यू किंवा फेल्युअरमुळे ॲडमिट होण्याचा धोका २० टक्क्यांनी घटला. २०२३मध्ये भारतातलं मूळ पेटंट संपल्यापासून ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत मेडिकलमध्ये जेनेरिक मिळतं. ब्रँडनुसार भावात बराच फरक पडतो, तेव्हा दोन ठिकाणी विचाराच.

अर्धा गुण कापला तो पॉवरच्या घोळासाठी. पट्टीवर ५० आणि डिस्चार्ज कार्डावर २४/२६ (सॅक्युबिट्रिल/वल्सार्टनचे मिलिग्रॅम) असेल, तर गोळी एकच. १०० म्हणजे ४९/५१, २०० म्हणजे ९७/१०३. गोळी दिवसातून दोनदा. सोसली तर डॉक्टर दोन-चार आठवड्यांनी डोस दुप्पट करतात. तेव्हा घरात उरलेली जुनी पट्टी बाजूला काढा, नाहीतर दोन्ही चालू राहतात.

आधी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल, तर त्याच्या शेवटच्या गोळीनंतर पूर्ण ३६ तास जाऊ द्यावे लागतात. ते औषध आणि ही गोळी, दोन्ही शरीरात ब्रॅडीकायनिन हे सूज आणणारं रसायन साठू देतात. एकत्र आली तर जीभ-घसा सुजून श्वास कोंडू शकतो. त्यामुळे दुकानदाराला चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या दाखवा, नुसती नवी चिठ्ठी नको. बीपीचं टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन चालू असेल तर थांबावं लागत नाही, पण ते बंद व्हायला हवं, कारण वल्सार्टन त्याच जातीचं आहे.

सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि पोटॅशियम तपासा. सोबत स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवू शकणारी लघवीची गोळी) असेल तर जास्तच जपा: कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं आणि तलावपाळीच्या फेरीनंतरच्या रोजच्या शहाळ्यातही. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. किडनीवर ताण येतो, अंगात पाणी साठतं. उठताना चक्कर आली तर बीपी मोजून डॉक्टरांना कळवा, गोळी परस्पर सोडू नका.

गोळीला ओल चालत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात आठवड्याच्या गोळ्या फोडून डबीत भरू नका, घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढा.

हृदयावरचा ताण रक्तातून मोजायला लॅबमध्ये साधी बीएनपी चाचणी नको, एनटी-प्रोबीएनपी करायला सांगा. सॅक्युबिट्रिलमुळे बीएनपी आपोआप वाढलेलं दिसू शकतं आणि घरचे उगीच घाबरतात.