मेसमागचा फिरता कंपोस्ट ड्रम: सोलापुरी उन्हाळ्यानंतरचं मत

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हटलं की कॉलेजात कुंड्या रंगतात आणि रातोरात हिरवे-निळे डबे उगवतात. आमच्या मुलींच्या वसतिगृहातला दोन कप्प्यांचा फिरता कंपोस्ट ड्रम त्याच धांदलीत आला. त्यांच्या सातव्या निकषात कचरा व्यवस्थापनाचे फोटो लागायचे ना! फोटो निघाले, समिती गेली, ड्रम राहिला. मी रेक्टर, त्यात वनस्पतिशास्त्राची शिक्षिका, म्हणून तो माझ्याच गळ्यात पडला. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही, याच घडणीचे ड्रम बरेच जण विकतात.

आधी चांगलं. लोखंडी स्टँडवर आडवा ड्रम, बाजूला दांडा. एक कप्पा भरत जायचा, तोवर दुसऱ्यात खत पिकतं. खड्ड्यातलं खत फावड्यानं उलथायला मेसच्या मावशी कधीच तयार झाल्या नसत्या, पण दांडा धरून चार फेरे त्या जाता-येता देतात. फक्त कप्पा गळ्यापर्यंत भरू नये. मग तो दोघींनाही हलत नाही आणि आत हवाही खेळत नाही.

ड्रमबरोबर ‘कल्चर’ची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जंतूंच्या पावडरीची, पाकिटं आणि कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, विटा येतात, आणि खरी कमाई तिथेच असावी असा माझा संशय आहे. दर महिन्याला घ्या म्हणतात. मी एका कप्प्यात पावडर घातली, दुसऱ्यात नुसतं मूठभर जुनं खत. प्रयोगशाळेतला थर्मामीटर खुपसून पाहिला, तर दोन्हीकडे पारा ५५ अंशांच्या वर! जंतू पाल्यापाचोळ्यात असतातच. कोकोपीटचंही तेच. फाल्गुन-चैत्रात आवारातले कडुनिंब एवढा पाला गाळतात की माळीकाका तो पेटवून द्यायचे. आता पोती भरून ठेवतात. खत नीट कुजायला एका भाग नत्राला २५ ते ३० भाग कार्बन लागतो, आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात तो कमी पडतो. आमच्या मावशींच्या हिशेबात: एक बादली ओलं, दीड बादली पाला.

वास येतो का, हे सगळे विचारतात. येतो, आमटी आणि ताक आत गेलं की येतो. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास असेल तर पाला वाढवायचा. सडका वास असेल तर आत हवा नाही, पाला घालून फेरे द्यायचे.

माझी मोठी तक्रार ड्रमला हवा खेळायला ठेवलेल्या भोकांबद्दल आहे. ही रचना जिथे कचरा फार ओला राहतो अशा हवेसाठी केलेली दिसते. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, त्यात कोरडा वारा. आतला माल आठवड्याभरात भुश्यासारखा झाला. विक्रेत्याला फोन केला तर तो खुशीत म्हणाला, “मॅडम, खत तयार झालं की!” कसलं तयार? पाणी शिंपडलं तर पुन्हा तापायला लागलं. ओलावा संपल्यामुळे कुजणं नुसतं थांबलं होतं. मग ड्रम कडुनिंबाखाली सरकवला, भोकांवर ओलं गोणपाट टाकलं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात खताला पिण्याचं पाणी कुठून द्यायचं? तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. मूठभर माल दाबला की एखाद-दोन थेंब सुटावेत, धार लागू नये.

डाळिंबाची सालं मात्र हट्टी. बाकी सगळं काळंभोर झालं तरी ती ओळखू येतात. बारीक तुकडे केल्याशिवाय घालू नका.

दाराची प्लास्टिकची कडी पहिल्याच पावसाळ्यात तुटली. सुटा भाग मिळत नाही असं उत्तर आलं. शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वेल्डरनं लोखंडी कडी बसवून दिली, ती मूळच्यापेक्षा घट्ट आहे.

आणि एक ड्रम म्हणजे वसतिगृहाची सोय झाली, असं कुणी समजू नये. आमच्या मेसची भाजीची देठं आणि सालं त्यात मावतात, ताटातलं उष्टं अजूनही घंटागाडीतच जातं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं, आणि आमच्या भिंतीवर ‘शून्य कचरा परिसर’ अशी पाटी आहे. पाटी जरा घाईची झाली.

तरीही मुलांच्या वसतिगृहासाठी घ्यायचा का विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं. मागणीपत्रात एकाऐवजी दोन ड्रम केले, कल्चर आणि कोकोपीटच्या ओळी खोडल्या, खाली ‘कडी लोखंडीच हवी’ असं लिहिलं. लेखापालांनी अजून सही केलेली नाही. पावडरीशिवाय ड्रम चालतो यावर त्यांचा विश्वास बसत नाही म्हणे.