नळीवरचे तीन आकडे

ज्या रिव्हॉल्व्हरचे पैसे मी मोजले आणि जे घरी आणलं, त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. कुणी ऐनवेळी अदलाबदल केली नाही की खोटे कागद दिले नाहीत. मी स्वतः दोनदा जाऊन पाहिलेलं, हाताळलेलं, घासाघीस करून घेतलेलंच ते रिव्हॉल्व्हर. तरीही फसले. जुनं शस्त्र रीतसर परवान्यावर घेणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, की किंमत चार ठिकाणी विचारली म्हणजे झालं. मीही तेच केलं होतं, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

जाहिरातीत असं होतं: स्मिथ अँड वेसन, मिलिटरी अँड पोलीस, दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं, पॉइंट ३८ स्पेशल, मूळ ब्लूइंग, सर्व नंबर जुळणारे. स्मिथ अँड वेसन ही अमेरिकन बंदूक कंपनी, मिलिटरी अँड पोलीस हे तिचं मॉडेल, ३८ स्पेशल हे काडतुसाचं नाव आणि ब्लूइंग म्हणजे पोलादावरचा निळा-काळा थर. हे मॉडेल १८९९ पासून बनतंय. १९५७ साली कंपनीने मॉडेलांना क्रमांक दिले तेव्हा त्याचं नाव मॉडेल १० झालं. जगात सर्वात जास्त बनलेल्या रिव्हॉल्व्हरांपैकी हे एक, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि काडतुसंही मिळतात. मी काही वर्षं पिस्तुलाने नेमबाजी करत होते आणि मला एक जुनं, चांगलं रिव्हॉल्व्हर हवंच होतं. महिनाभर मी युद्धापूर्वीच्या, मूळ ब्लूइंग असलेल्या नगांचे भाव पाहत होते. त्या मानाने ही किंमत मला रास्त वाटली. इथेच पहिली चूक झाली: जाहिरातीतलं वर्णन खरं धरून मी भाव तपासला, वर्णन मात्र तपासलं नाही.

विक्रेता वयस्कर, मृदू बोलणारा माणूस. टेबलावर त्याने जाड कापड अंथरलं, सिलिंडर उघडला, सहाही खाने रिकामे असल्याचं मला दाखवलं आणि मगच रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. शस्त्र अशा काळजीने हाताळणारा माणूस खोटं बोलणार नाही, असं मी मनात ठरवून टाकलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसतो, हे मला नंतर कळलं.

त्याचं रूप देखणं होतं. गडद निळं-काळं, आरशासारखं चकचकीत. विक्रेत्याने भिंग दिलं आणि नंबर दाखवले: मुठीच्या बुडाशी, नळीच्या खालच्या बाजूला, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर. तिन्ही एकच, आणि नंबराच्या आधी व्ही हे अक्षर. मी विचारलं, "हे व्ही कशाचं?"

"कारखान्यातल्या तपासणीचा शिक्का आहे तो. चांगल्या मालावरच असायचा."

नळीच्या उजव्या अंगाला ३८ एस. अँड डब्ल्यू. (म्हणजे स्मिथ अँड वेसन) एवढं वाचता येत होतं, पुढे धातू गुळगुळीत. तो म्हणाला, "स्पेशल हा शब्द हाताळून हाताळून गेलाय. ऐंशी वर्षांची वस्तू आहे, तेवढं चालायचंच." मला पटलं.

यंत्र म्हणून मी ते नीट तपासलं, अगदी मला शिकवलं होतं तसं. सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. घोडा अडकायच्या आत सिलिंडर जागेवर बसून खटका लागला पाहिजे, आणि हे एकाच खान्याला करून भागत नाही, सहाही खान्यांना करायचं. मग घोडा चढवलेला असताना त्याला मागून अंगठ्याने पुढे ढकलून पाहायचं. घसरून पडला तर आतली धार झिजलीय. सिलिंडर बंद करून पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे किती हलतो ते पाहायचं. सिलिंडर आणि नळी यांमधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा, ०.१० ते ०.२५ मिलिमीटर म्हणजे ठीक. माझी फट ०.१५ निघाली. नळीत उजेड पाडून पाहिलं तर रायफलिंग (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) स्वच्छ, खड्डे नाहीत. नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते तिथे, तडा नाही. सगळं उत्तम. (गोळीविना घोडा पाडण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी, तीही मी घेतली होती.) त्याने किमतीत थोडी सूट दिली आणि कागदपत्रं पूर्ण करून मी रिव्हॉल्व्हर घेऊन आले.

पहिल्याच दिवशी रेंजवर सहा गोळ्या झाडल्या. निशाणावर त्या इतक्या विखुरल्या की मला माझ्याच हाताची शंका आली. पुंगळ्या काढायला दट्ट्या दाबला तर तो जड गेला. सहापैकी दोन पुंगळ्या उभ्या चिरल्या होत्या.

आमच्या रेंजवर शस्त्रांची दुरुस्ती करणारे एक काका आहेत. आयुष्य याच कामात गेलेलं. त्यांनी एक पुंगळी चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात फिरवली आणि मला म्हणाले, "हिच्या अंगावरून नख फिरव." फिरवलं. बुडापासून साधारण दोन तृतीयांश उंचीवर नखाला एक पायरी लागली. खालचा भाग फुगलेला, वरचा बारीक, मध्ये कडं घातल्यासारखी रेघ. नव्या पुंगळीचं अंग वरपासून खालपर्यंत सरळ असतं. मी न झाडलेलं काडतूस शेजारी ठेवून पाहिलं आणि पोटात गोळा आला.

काकांनी सांगितलं ते असं. ३८ एस. अँड डब्ल्यू. आणि ३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पहिल्याची पुंगळी आखूड, २० मिलिमीटरच्या आतबाहेर, पण किंचित जाड. दुसऱ्याची लांब, २९ मिलिमीटरहून थोडी जास्त, आणि सडपातळ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांसाठी स्मिथ अँड वेसनने पहिल्या काडतुसाची पाच लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरं बनवली. युद्ध संपल्यावर ती मोडीच्या भावात विकली गेली. ३८ स्पेशल सगळीकडे मिळतं, म्हणून व्यापाऱ्यांनी त्यांतल्या हजारोंच्या सिलिंडरचे खाने पुढे खोल कोरून त्यात लांब काडतूस बसेल असं केलं. लांबी वाढवता येते. आधीच रुंद असलेलं भोक अरुंद करता येत नाही. म्हणून खान्याचा मागचा भाग ढगळच राहतो, पितळ तिथे फुगतं आणि कधी चिरतं. नळीही थोड्या जाड गोळीसाठी बनलेली, त्यामुळे ३८ स्पेशलची गोळी तिच्यात घट्ट बसत नाही आणि नेम विखुरतो.

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "आता नळीवर वाच. अक्षरं सरळ दिसत नसतील तर दिवा आडवा धर." दिवा आडवा धरला. पॉलिशखाली अर्धवट पुसलेल्या, केसाएवढ्या खोल खुणा सावलीत उठल्या: एक मुकुट, काही अक्षरं, आणि मग .७६७. त्याच्यापुढे साडेतीन टन असं, हा दाबाचा आकडा.

ब्रिटनमध्ये कुठलंही शस्त्र विकण्याआधी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये त्याची दाबाची चाचणी व्हावी लागते आणि तसा शिक्का धातूवर उठवतात. .७६७ म्हणजे ज्या काडतुसासाठी चाचणी झाली त्याच्या पुंगळीची लांबी, इंचात. ३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच. म्हणजे चाचणी आखूड काडतुसाची झाली होती आणि खाने कोरण्याचं काम त्यानंतरचं. हे तीन आकडे विक्रेत्याच्या टेबलावर माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. माझ्या हातात भिंगही होतं. मी नंबर जुळतात का तेवढंच पाहत बसले होते.

नंबर खरोखर जुळत होते, हे मुद्दाम सांगते. ते तिन्ही भाग एकाच रिव्हॉल्व्हरचे आहेत, एवढंच जुळणारे नंबर सांगतात. त्या भागांवर नंतर कुणी कानस चालवली, कोरलं, घासलं, हे ते सांगत नाहीत. आणि व्ही हे अक्षर व्हिक्टरीचं, म्हणजे विजयाचं. १९४२ मध्ये या मॉडेलचे नंबर दहा लाखांवर गेले तेव्हा व्ही लावून नवी मालिका सुरू झाली. युद्धापूर्वीच्या रिव्हॉल्व्हरवर ते असूच शकत नाही. युद्धाच्या शेवटी शेवटी, भरलेलं रिव्हॉल्व्हर पडून गोळी सुटल्याने एक अमेरिकन नौसैनिक गेला. त्यानंतर घोड्याला अडवणारा सुधारित भाग बसवला गेला आणि नंबराआधी एस.व्ही. येऊ लागलं. माझ्या रिव्हॉल्व्हरवर नुसतं व्ही आहे, म्हणजे आतला भाग जुना. विक्रेता ज्याला चांगल्या मालाची खूण म्हणाला, ती खरं तर भरलेलं रिव्हॉल्व्हर पडू न देण्याची ताकीद होती.

चकाकीचंही तेच. युद्धकाळातली रिव्हॉल्व्हरं घाईत बनली, त्यांचं अंग मंद आणि खरखरीत असायचं, आरशासारखं कधीच नाही. काकांनी रिव्हॉल्व्हर डोळ्याच्या रेषेत धरून सिलिंडरच्या वरची पट्टी दाखवली. मध्यभागी ती किंचित खोलगट होती, पाणी साचेल इतपत. तिथे अमेरिकी सरकारच्या मालकीचा शिक्का असतो, तो घासून काढला होता. स्क्रूंच्या भोकांच्या कडा तीक्ष्ण हव्यात, त्या बशीसारख्या उतरल्या होत्या. मुठीवरचं आवरण काढलं तर त्याच्या आतला नंबर दुसराच, आणि बुडाला दोरीच्या कडीचं भोक बुजवलेलं. अक्षरं हाताळून गेली नव्हती. पॉलिशच्या चाकाने नेली होती.

मग भावाचा हिशेब. काकांनी तो वहीच्या पानावर मांडला, आणि मला त्यांची पद्धत फार मोलाची वाटते. आधी, समोरची वस्तू नेमकी काय आहे ते ठरवायचं. मग तशाच, साध्या वापरात असलेल्या नगाचा भाव काढायचा, तोही विकला गेलेला भाव. कुणी काय मागतोय याला किंमत नाही. मागितलेल्या आकड्यावर रिव्हॉल्व्हर वर्षभर पडून असू शकतं. लिलावातला भाव धरला तर खरेदीदाराला त्यावर वेगळं कमिशन पडतं आणि विकणाऱ्याच्या हाती त्याहून कमी येतं, हे लक्षात ठेवायचं. त्यानंतर वजाबाकी, आणि इथे दोषांचे दोन ढीग करायचे. सिलिंडर पुढे-मागे हलतो, फिरवणारा पंजा झिजलाय, दट्ट्या वाकलाय, स्प्रिंग थकलीय: ही दुरुस्ती होते, म्हणून तिचा खर्च वजा करायचा, त्याहून जास्त नाही. नळीच्या मागच्या तोंडाला तडा असेल तर नळीच बदलावी लागते, तो खर्च मोठा. पण पुन्हा केलेलं ब्लूइंग, घासलेले शिक्के, कोरलेले खाने यांची दुरुस्तीच नाही. असं रिव्हॉल्व्हर संग्राहक घेत नाही, मग संग्राहकाच्या भावाशी त्याची तुलना कशाला करायची? आणि खाने कोरलेले असतील तर ते निर्धोक झाडताही येत नाही, म्हणजे नेमबाजाचा भावही गेला. पानाच्या तळाशी आकडा आला तो मी दिलेल्या रकमेच्या एक तृतीयांशाहून कमी.

मूळ, न घासलेल्या धातूवरचं थोडं विटलेलं ब्लूइंग हे नव्या चकचकीत ब्लूइंगपेक्षा जास्त मोलाचं असतं. झीज कुठे आहे तेही बोलतं: नळीच्या टोकाला आणि सिलिंडरच्या कडांना, जिथे चामडं घासतं, तिथे ती असायला हवी. ऐंशी वर्षांच्या रिव्हॉल्व्हरवर कुठेच झीज नसेल आणि अक्षरं मात्र पुसट असतील, तर हात मागे घ्या. जास्त पैशांचा प्रश्न असेल तर स्मिथ अँड वेसनच्या इतिहास प्रतिष्ठानाकडून नंबरावरून पत्र मिळतं, त्यात कारखान्यातून निघताना शस्त्र कसं होतं आणि कुणाकडे गेलं ते असतं. कोल्टच्या जुन्या नोंदींवरूनही असं पत्र मिळतं. वेळ लागतो, फी पडते. विक्रेता तेवढं थांबायला तयार आहे का, हे विचारूनही बरंच कळतं.

मी विक्रेत्याला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही दोनदा येऊन पाहून घेतलंत. पावतीवर काय लिहिलंय ते बघा." पावतीवर लिहिलं होतं: वापरलेलं रिव्हॉल्व्हर, एक नग, आहे त्या स्थितीत. युद्धापूर्वीचं, मूळ ब्लूइंग, ३८ स्पेशल, यातला एकही शब्द नाही. जाहिरात तोवर निघून गेली होती आणि मी तिची प्रत ठेवली नव्हती. वकिलांनी सांगितलं, लेखी काही नाही, फार आशा ठेवू नका. तुम्ही घेणार असाल तर जाहिरातीचा प्रत्येक दावा पावतीवर लिहून मागा आणि खाली सही घ्या. मालिका, काडतूस, ब्लूइंग मूळ की नवं, खाने कोरलेत की नाही. त्याला माहीत नसेल तर "माहीत नाही" असं लिहू दे, आणि मग भावही त्याप्रमाणे धरा. न झाडलेलं काडतूस खान्यात सरकवून कधीही पाहू नका. ज्याची चौकशी करायची ती काकांसारख्या माणसाकडे, रिकाम्या शस्त्रावर, मापाच्या साधनांनी करून घ्या. त्यांनी माझ्याकडून पुंगळ्यांचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. खरेदीच्या आधी मी त्यांना तासाभराची मजुरी दिली असती, तर एवढं काही झालंच नसतं.

ते रिव्हॉल्व्हर अजून माझ्या कुलूपबंद कपाटात आहे. मी ते पुन्हा झाडलेलं नाही. विकायचं की परत जमा करायचं ते ठरायचंय, पण त्याच्या पेटीत मी एक कागद ठेवलाय: व्ही मालिका, मूळ काडतूस ३८ एस. अँड डब्ल्यू., खाने नंतर कोरलेले, ब्लूइंग नवं, मुठीचं आवरण दुसरं, झाडू नये. खाली माझी सही आणि तारीख. त्या कागदाबरोबर मी फाटलेली एक पुंगळी चिकटवलीय.