मॅनेजर नेमून अकरा महिने झाले: एका गायिका-संगीतकाराचा अनुभव

संतरचना आणि आजच्या कवींच्या कवितांना चाली लावून, चार वादकांना सोबत घेऊन मी गेली सहा वर्षे पुण्यातून कार्यक्रम करते आहे. पहिली चार वर्षे तारखा, मानधन, गाडी, ध्वनिव्यवस्था हे सगळे मीच पाहत होते. पाचव्या वर्षी एक मॅनेजर नेमला आणि तो अनुभव वाईट ठरला. गेल्या ऑगस्टपासून दुसऱ्या मॅनेजरबरोबर काम सुरू आहे. नव्याने उभे राहू पाहणाऱ्या गायक-वादकांना उपयोग व्हावा म्हणून या अकरा महिन्यांबद्दल सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या वेळची माझी चूक कमिशनच्या दरात नव्हती, ते कशावर काढायचे यात होती. करारात ‘एकूण मानधनाच्या 20 टक्के’ असे शब्द होते आणि 20 टक्के हा दर सर्रास ऐकलेला असल्यामुळे मी ते वाचून पुढे गेले. प्रत्यक्षात 60,000 रुपयांच्या सुपारीत चार वादकांचे 24,000 आणि गाडीचे 6,000 गेले की हातात 30,000 उरतात. एकूण रकमेवर 20 टक्के म्हणजे 12,000, म्हणजेच माझ्या वाट्याच्या पैशांतले 40 टक्के. हेच कमिशन खर्च वजा जाता काढले तर 6,000 होते. शिवाय मानधन त्या मॅनेजरांच्या खात्यावर जमा होत असे, त्यामुळे आयोजकांनी कापलेला 10 टक्के टीडीएस त्यांच्या पॅनवर नोंदला गेला. विवरणपत्र भरताना माझ्या नावावर वर्षभराच्या कामाची जवळजवळ काहीच नोंद नव्हती, हे पाहून मला अक्षरशः रडू आले.

म्हणून या वेळी निवड करताना मी मोठ्या कलाकारांचे मत विचारले नाही. त्यांना सगळे नीटच वागवतात. मी एका तबलजींना, एका साऊंड इंजिनिअरला आणि गाडी घेऊन येणाऱ्या चालकाला विचारले. सध्याच्या मॅनेजरांबद्दल तबलजी म्हणाले, ‘‘त्यांच्या कार्यक्रमात पाकिटासाठी थांबावं लागत नाही.’’ माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला, कारण जो माणूस वादकांचे पैसे त्याच रात्री देतो त्याचा हिशेब सहसा स्वच्छ असतो. सध्याचे मॅनेजर महाविद्यालयात असताना फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी विंगेत काम करत असत. विंगेतली ती सवय त्यांच्या कामात आजही दिसते.

नाशिकच्या दिवाळी पहाटेचे उदाहरण सांगते. कार्यक्रम साडेपाचचा होता आणि आम्ही साडेतीनला मैदानावर पोचलो, तेव्हा मंचावर सतरंजीसुद्धा अंथरलेली नव्हती. मी गळा गरम करत गाडीतच बसले होते. मॅनेजर मिक्सरपाशी उभे राहून साऊंडवाल्यांना शांतपणे सांगत होते की बाईंच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे मंचावर गाणाऱ्याला ऐकू येणाऱ्या स्पीकरमध्ये, तानपुरा आधी, कीबोर्ड नंतर. ही गोष्ट मी त्यांना एकदाच, तीही दोन महिने आधी बोलता बोलता सांगितली होती. पाच वाजता मी मंचावर बसले आणि पहिला षड्ज लावला तो स्वच्छ ऐकू आला. चार वर्षे मी हेच काम गायच्या आधी ओरडून करून घेत असे आणि पहिली दोन गाणी त्या ओरडण्याच्या थकव्यात जात असत.

गणेशोत्सवातही त्यांनी एका मंडळाकडून मंचावर बसण्याची वेळ लेखी घेतली. सत्कार लांबतात आणि उघड्यावरचे ध्वनिक्षेपक, सवलतीचे दिवस सोडले, तर रात्री 10 ला बंद करावे लागतात. त्या लेखी वेळेमुळेच आमचे शेवटचे भजन पूर्ण झाले.

करार मात्र मी वकिलांकडून वाचून घेतला. त्यांची फी त्या वेळी जास्त वाटली, आज वाटत नाही. पहिल्या मॅनेजरांच्या मसुद्यात माझ्या सर्व चालींचे हक्क त्यांच्याकडे जातील असे एक कलम होते. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा हिस्सा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आता आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचे सभासदत्व मी स्वतःच्या नावाने घेतले आहे आणि त्या पैशांवर कमिशन नाही. सध्याच्या कराराची मुदत एक वर्षाची, तो मोडायचा तर सूचना 60 दिवसांची, आणि करार संपल्यावर फक्त आधी पक्क्या झालेल्या तारखांवरच कमिशन. ‘संपल्यानंतरही पहिली संधी आम्हालाच द्यावी’ अशी अट कोणी घातली तर घाबरू नये: क्रिकेटपटू झहीर खान यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली मुदतीनंतरची अशीच अट व्यवसायाला प्रतिबंध करणारी, म्हणून अवैध ठरवली होती.

आता सध्याच्या मॅनेजरांच्या उणिवा. त्यांच्याकडे आणखी तीन कलाकार आहेत आणि भाद्रपदात त्यांचा फोन लागत नाही. दुसरे म्हणजे, संगीताची त्यांची जाण बेताची आहे. एका आयोजकांना त्यांनी आमचा कार्यक्रम ‘फ्युजन बँड’ म्हणून सांगितला आणि तिथले श्रोते नाचायच्या तयारीने आले. मी विलंबित लयीतली रचना सुरू केल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर उमटलेला गोंधळ मला अजून आठवतो. त्यानंतर कार्यक्रमाचे वर्णन मीच लिहून देते आणि ते एक शब्दही न बदलता पाठवतात. तिसरी उणीव मला सर्वांत बोचते: चाल बांधण्यासाठी राखलेला आठवडा त्यांच्या वहीत ‘मोकळा’ म्हणून नोंदला जातो आणि तिथे हमखास एखादी तारीख येऊन बसते.

कार्यक्रम वर्षाला 15 होते, ते या अकरा महिन्यांत 26 झाले, आणि कमिशन देऊनही माझ्या हाती आधीपेक्षा जास्त पैसे उरले. तरीही ज्यांचा महिन्याला एखादाच कार्यक्रम होतो, त्यांनी एवढ्यात मॅनेजर नेमू नये. विकायला पुरेशा तारखा नसताना त्या माणसाचेही पोट भरत नाही आणि मग तो मिळेल ती सुपारी घेतो.

करार जुलैअखेर संपतो. नव्या करारात ज्येष्ठ आणि मार्गशीर्ष हे दोन महिने चालींसाठी राखून ठेवावेत, असे मी लेखी मागितले आहे. ज्येष्ठाला त्यांनी लगेच होकार दिला. मार्गशीर्षावर बोलणे चालू आहे, आणि तो महिना मिळेपर्यंत मी सही करणार नाही.