तिसरा गिअर आता सुटत नाही: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दुरुस्तीनंतरचे दहा महिने

गिअरबॉक्सची दुरुस्ती होऊन दहा महिने झाले. एवढ्या काळात गाडी १४,००० किलोमीटर चालली. त्यात कडक ऊन आलं, भरलेल्या गाडीने चढलेले लांब चढ आले, तासन्‌तास मुंगीच्या पावलाने सरकणारं ट्रॅफिक आलं. तिसरा गिअर एकदाही सुटला नाही. हे मुद्दाम इतक्या उशिरा लिहितोय, कारण याच दुखण्यावर आधी नुसतं ऑइल बदललं होतं आणि तेव्हाही तीन आठवडे गाडी ठणठणीत वाटली होती. तेव्हा लिहिलं असतं तर वाचणाऱ्याची दिशाभूल झाली असती.

गाडी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. कन्व्हर्टर म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग. सकाळी थंड असताना सगळं सुरळीत. अर्धा-पाऊण तास चालून गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम मोकळं सुटायचं. गिअर बदलताना आरपीएमचा काटा खाली यायला हवा, तो उलट १,८०० वरून २,६०० वर चढायचा. आवाज वाढायचा, वेग मात्र तिथेच. सेकंदभराने गिअर पकडायचा, तोही धाडकन. मॅन्युअल गाडीत क्लचवर अर्धवट पाय राहिला की जसं वाटतं, तसंच. चौथ्यातून पाचव्यात जातानाही हेच व्हायचं, पण सौम्य, त्यामुळे फारसं लक्षात यायचं नाही. शिवाय रिव्हर्स टाकल्यावर गाडी दोन सेकंद जागची हलायची नाही आणि मग धक्का देऊन मागे जायची. ही तक्रार मी कितीतरी दिवस वेगळीच समजत होतो. इंजिनचं माउंटिंग गेलं असेल, असा माझा समज. प्रत्यक्षात निदानाची किल्ली तिथेच होती.

पहिला संशय ऑइलच्या पातळीवर घ्यायचा असतो आणि तो बरोबरच आहे. ऑइल कमी पडलं की पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो, फेसाला दाब धरता येत नाही आणि क्लच घसरतात. ज्या गाड्यांना डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची पट्टी, असते तिथे ऑइल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून लिव्हर एकदा फिरवून मग पातळी बघतात. माझ्या गाडीला डिपस्टिक नाही. तिथे ऑइलचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना, गाडी सपाट उचलून आणि इंजिन चालू ठेवून, तळाचा लेव्हल बोल्ट काढतात. बारीक धार आली की पातळी ठीक. माझी पातळी ठीक निघाली. ऑइल मात्र ठीक नव्हतं. मूळचा लाल रंग जाऊन ते काळपट तपकिरी झालं होतं आणि त्याला करपलेला वास होता. नाकाजवळ बोट नेलं आणि पोटात गोळा आला. गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल पॅनमधल्या लोहचुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ गाळ होता. एवढं असणं नेहमीचं. पण पॅनच्या तळाशी काळी भुकटी बसली होती, ती क्लच प्लेटच्या अस्तराची.

ऑइल आणि फिल्टर बदलला. पॅन रिकामा केला तरी जवळजवळ निम्मं ऑइल टॉर्क कन्व्हर्टर आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये अडकून राहतं, म्हणून आठवड्याने पुन्हा एकदा काढून भरलं. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घेतलं. इथे ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं म्हणून दिलेल्या ऑइलवर माझा भरवसा नाही, कारण प्लेट किती घट्ट आणि किती मऊ पकडायची हे ऑइलमधल्या रसायनांवरही ठरतं. तीन आठवडे छान गेले. मग एका चढावर तिसरा गिअर पुन्हा सुटला.

ज्या वर्कशॉपमध्ये आधी गेलो, त्यांनी एक फेरी मारली आणि ‘पूर्ण गिअरबॉक्स बदला’ असं सांगून टाकलं. कारण विचारलं तर ‘ऑटोमॅटिक एकदा स्लिप मारायला लागली की संपली’. कुठे स्लिप मारतेय, का मारतेय, काही नाही. हे मला पटलं नाही. चांगला चाललेला अख्खा गिअरबॉक्स एका तुकड्यापायी टाकून द्यायचा, तर निदान तो तुकडा कोणता हे तरी कुणी दाखवावं.

ते दाखवणारा मेकॅनिक दुसरीकडे भेटला. त्याने पाना हातात घेण्याआधी स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड होता पी ०७३३, म्हणजे तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर चुकतंय. पण कोडवर तो थांबला नाही. मला चालवायला बसवलं, स्वतः शेजारी लॅपटॉप घेऊन बसला आणि तीन आकडे एकत्र लावले: इंजिनचे फेरे, टर्बाइनचे म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचे फेरे, आणि आउटपुटचे म्हणजे बाहेर पडणाऱ्या शाफ्टचे फेरे. मला वाटतं, स्लिपचं सगळं निदान या तीन आकड्यांत आहे. इंजिन आणि टर्बाइन यांच्यातला फरक म्हणजे कन्व्हर्टरमधली घसरण. कन्व्हर्टर लॉक होण्याआधी, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट जोडल्या जाण्याआधी, ती असतेच, लॉक झाल्यावर मात्र दोन्ही आकडे जवळजवळ सारखे व्हायला हवेत. टर्बाइन आणि आउटपुट यांचा भागाकार म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेलं गिअरचं गुणोत्तर. तो ठरलेल्या आकड्यावर आला नाही, तर आतला एखादा क्लच घसरतोय.

माझ्या गाडीत तिसऱ्याचं गुणोत्तर १.५२. आउटपुटचे फेरे १,५०० असताना टर्बाइनचे २,२८० हवेत. स्क्रीनवर २,६१० दिसत होते. भागाकार १.७४. असा गिअर या गाडीत अस्तित्वातच नाही. दुसरा २.३४ चा, तिसरा १.५२ चा, आणि आम्ही मधेच कुठेतरी लोंबकळत होतो. चौथ्या गिअरला कन्व्हर्टर लॉक झाल्यावर इंजिन आणि टर्बाइनचे आकडे हातात हात घालून चालत होते. म्हणजे दोष कन्व्हर्टरचा नव्हता.

मग त्याने कागदावर एक तक्ता काढला. सहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये सहा क्लच नसतात. माझ्या प्रकारात एकूण पाच क्लच आणि ब्रेक (चाकांचे नव्हेत, गिअरबॉक्सच्या आतले) असतात, त्यातले दोन-दोन एका वेळी पकडतात आणि त्या जोड्यांतून सहा गिअर आणि रिव्हर्स बनतात. तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स, या तिन्हींत एकच क्लच सामायिक. ‘तुमचा रिव्हर्स उशिरा लागतो का?’ त्याने विचारलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला या माणसाच्या हातात गाडी द्यायचं ठरवून टाकावंसं वाटलं. तुमच्या गाडीतही गिअर सुटत असेल तर कोणकोणत्या गिअरला सुटतो ते लिहून ठेवा, आणि रिव्हर्स त्यात धराच. एकाच गिअरला, दोन-तीन ठरावीक गिअरना, की सगळ्यांनाच, यावर पुढचा शोध ठरतो. सगळ्यांनाच सुटत असेल तर पंप, फिल्टर, ऑइल किंवा मुख्य दाब. ठरावीक गिअरना सुटत असेल तर त्यांचा सामायिक क्लच, त्याचा सोलेनॉइड (ऑइलचा दाब सोडणारा-अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), किंवा त्याच्याकडे ऑइल नेणारी वाट.

दाबाचा गेज लावून गरम ऑइलवर मुख्य दाब मोजला. मर्यादेत होता, म्हणजे पंप चांगला. व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑइल हव्या त्या क्लचकडे वळवणारा भाग, खाली उतरवून सोलेनॉइड तपासले, तेही ठीक. मग त्या क्लचच्या ऑइलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. क्लच चांगला असेल तर प्लेट दाबणारा पिस्टन ‘ठप्प’ असा एक भरीव आवाज करून बसतो. इथे आधी ‘फुस्स’ आणि मग एक मलूल ठप्प. हवा निसटत होती. थंड असताना गाडी नीट का चालायची याचा उलगडाही तिथेच झाला. थंड ऑइल दाट, ते फटीतून हळू निसटतं. गरम ऑइल पातळ, ते सरळ निघून जातं आणि प्लेट दाबायला जोर उरत नाही.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा मी तिथेच होतो. पिस्टनची रबरी कड बोटाने वाकवली तर वाकेचना, प्लास्टिकसारखी कडक झाली होती. त्याखालच्या क्लचच्या प्लेटवरचं कागदी अस्तर जागोजागी काळं पडून निघालेलं, आणि मधल्या पोलादी प्लेटवर निळसर डाग, तव्यावर पडतात तसे. बाकीच्या क्लचची अस्तरं अजून तपकिरी, धड होती. आधी रबर गेलं, मग दाब गेला, मग घसरून घसरून प्लेट जळल्या. ऑइल बदलून जळलेलं अस्तर परत येणार नव्हतंच. नवं ऑइल थोडं दाट आणि ताजं, एवढ्यावर ते तीन आठवडे निघाले असावेत.

दुरुस्तीत त्या क्लचच्या सगळ्या प्लेट आणि पिस्टन नवा घातला, आणि बाकी क्लचची सीलंही बदलली. एकाच वयाची रबरं एकाच उष्णतेत शिजलेली असतात, एक बदलून बाकीची तशीच ठेवण्यात अर्थ नव्हता. नव्या प्लेट बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजत ठेवल्या. फिलर गेजने, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पट्ट्यांनी, प्लेटमधली फट मोजली, ती जास्त आली म्हणून प्लेट जागी धरणारी कडी, म्हणजे सर्क्लिप, जाड लावून पुन्हा मोजली. टॉर्क कन्व्हर्टर चांगला असूनही पाठवून, कापून, आतून साफ करून, पुन्हा वेल्ड करून आणला, कारण जळलेल्या अस्तराची भुकटी त्याच्या पोटात बसलेली असते आणि बाहेरून धुऊन ती निघत नाही. कूलर नवा लावला. मला या दोन गोष्टी आधी नको वाटल्या होत्या. आता वाटतं, त्या टाळल्या असत्या तर जुना कचरा नव्या प्लेटवर आला असता. या सगळ्याला १८ दिवस लागले, आणि तेवढे दिवस गाडीवाचून खरंच हाल झाले.

शेवटचं काम स्कॅनरवरचं. जुना क्लच गळत होता म्हणून गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने त्यात ऑइल भरायची वेळ आणि दाब वाढवत वाढवत टोकाला नेला होता. ती जुनी सवय पुसली नाही तर नव्या क्लचला तो तितक्याच जोराने हाणतो. पुसून, ठरलेल्या पद्धतीने चालवून नव्याने शिकवलं.

पहिले ३०० किलोमीटर गिअर थोडे अडखळत पडत होते, त्याने मी धास्तावलो होतो. मग आपोआप मऊ झाले. १,००० किलोमीटरला लेव्हल बोल्टमधून थोडं ऑइल काढून पांढऱ्या कागदावर टिपलं, स्वच्छ लाल. १०,००० ला रंग किंचित गडद, वास नाही. रिव्हर्स आता लिव्हर सरकवताच लागतो. ऑइलचं तापमान एरवी ८५ ते ९५ अंश राहतं, एकदा लांब चढावर १०८ पर्यंत गेलं आणि तेव्हाही तिसरा गिअर घट्ट होता. तक्रार एकच उरलीय. अगदी थंड असताना थांबता थांबता दुसऱ्यातून पहिल्यात येण्याचा बारीक झटका जाणवतो. तो आधीही होता, मेकॅनिकच्या मते व्हॉल्व्ह बॉडीतल्या झिजेचा आहे आणि त्यासाठी आत्ता काही उघडायची गरज नाही. मी त्याचं ऐकलं.

एका गोष्टीचा पस्तावा आहे. गिअर पहिल्यांदा सुटला त्यानंतर मी चार महिने गाडी तशीच दामटत राहिलो. घसरणारा प्रत्येक सेकंद प्लेट जाळत होता. पहिल्याच आठवड्यात थांबलो असतो तर कदाचित प्लेट वाचल्या असत्या, आणि तेवढी भुकटी कन्व्हर्टरपर्यंत गेलीही नसती. मॅन्युअलमध्ये या ऑइलला बदलायची गरज नाही असं लिहिलंय, ते मी आता मानत नाही. दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असं ठरवलंय. गेल्या आठवड्यात पुन्हा स्कॅनर लावून तोच चढ चढलो. आउटपुट १,५००, टर्बाइन २,२८०.